दहा हजारांत आठ

एचआयव्ही असलेल्या आणि औषधं सुरू नसलेल्या पुरुषाशी एखाद्या बाईचा निरोधशिवाय एकदा संबंध आला, तर तिला लागण होण्याची शक्यता किती? हा प्रश्न चारचौघांत विचारून पाहा. बहुतेक जण 'शंभर टक्के' म्हणतील, सावध माणसं 'निम्मी' म्हणतील. अभ्यासांतून आलेलं उत्तर आहे साधारण दहा हजारांत आठ. बाईला एचआयव्ही असेल तर पुरुषाला लागण होण्याची शक्यता त्याच्याही निम्मी, दहा हजारांत चार.

आता दुसरा आकडा. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या बायकांची तपासणी झाली. त्यांतल्या धंदा करणाऱ्या बायकांपैकी ४९.९ टक्के जणींना एचआयव्ही होता. म्हणजे दोघींत एक. त्याच सुमाराला मुंबईच्या कामाठीपुऱ्यातलं चित्रही असंच होतं.

एका वेळचा धोका इतका लहान, आणि तरी दोघींत एक? एचआयव्हीचा प्रसार कसा होतो आणि तो कुठे अडवता येतो, हे सगळं या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे. म्हणून आधी ती जागा मोजू.

त्याआधी एका शब्दाबद्दल. सरकारी कागदावर 'देहविक्री करणाऱ्या महिला' लिहितात. सांगलीतल्या बायकांनी आपली संघटना काढली तेव्हा तिचं नाव ठेवलं 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. शिवी म्हणून अंगावर आलेला शब्द त्यांनी उचलून नावाच्या पाटीवर लावला. बोलताना त्या 'आम्ही धंदा करतो' असं सरळ म्हणतात. मीही तेच शब्द वापरतो. आणि 'बायका' म्हणत असलो तरी या धंद्यात पुरुष आहेत, हिजडे आणि ट्रान्सजेंडर व्यक्तीही आहेत. त्यांच्याकडे पुढे येतो.

तर हिशेब. समजा एक बाई दिवसाला चार गिऱ्हाइकं घेते, वर्षातले तीनशे दिवस. वर्षाला बाराशे वेळा संबंध. गिऱ्हाइकांतल्या विसात एकाला एचआयव्ही आहे असं धरू. म्हणजे वर्षात साठ वेळा तिची विषाणूशी गाठ पडते. निरोध अजिबात नसेल तर दहा हजारांत आठच्या दराने वर्षभरात लागण होण्याची शक्यता पावणेपाच टक्क्यांच्या आसपास येते. पाच वर्षांत ती एकवीस टक्के होते, पाच जणींत एक. धोका लहान असला तरी तो रोज घ्यावा लागला की असा साठत जातो.

पण पाच जणींत एक म्हणजे अजून दोघींत एक नव्हे. बाकीचं कुठून आलं?

दहा हजारांत आठ हा आकडा बहुतांशी श्रीमंत देशांतल्या जोडप्यांच्या अभ्यासांतून आलेला आहे. तिथली माणसं बऱ्यापैकी निरोगी होती, दवाखाना जवळ होता. गुप्तांगावर जखम असेल तर हे गणित पार बदलतं. सिफिलिस, नागीण म्हणजे हर्पिस, शँक्रॉइड यांसारख्या गुप्तरोगांत अशा जखमा होतात. त्वचा हा शरीराचा कोट, आणि जखम म्हणजे कोटाला पडलेलं खिंडार. शिवाय जखम झाली की शरीर आपल्या पांढऱ्या पेशी तिथे पाठवतं, आणि एचआयव्हीला नेमक्या त्यांतल्याच सीडी-फोर पेशी हव्या असतात. शरीराने बचावाला पाठवलेली फौज शत्रूच्या तोंडी जाते. जखमेमुळे धोका साधारण पाचपट होतो. वरचा हिशेब या दराने पुन्हा मांडा: वर्षाला एकवीस टक्के, पाच वर्षांत सत्तर.

हा कागदावरचा हिशेब आहे. खरं आयुष्य असं एकसारख्या दराने चालत नाही, कुणी कमी काम करतं, कुणाच्या जखमा बऱ्या होतात. पण १९९० च्या दशकातला तो 'दोघींत एक' कुठून आला हे यातून दिसतं. त्या आकड्यामागे बायकांचं चारित्र्य शोधायची गरज नाही. गुणाकार पुरेसा आहे.

यात एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही. बाईच्या बाबतीत ती आत असेल तर तिला दिसतही नाही. दुखत नाही, दिसत नाही, मग दवाखान्यात कशाला जायचं? म्हणून धंदा करणाऱ्या बाईने त्रास नसतानाही ठरावीक काळाने तपासून घ्यायला हवं. सरकारी रुग्णालयांत यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' नावाचे विभाग असतात, तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. सिफिलिस पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. एचआयव्ही रोखण्याच्या उपायांत याइतका स्वस्त आणि याइतका दुर्लक्षित उपाय क्वचितच असेल.

दुसरा गुणक वयाचा. कोवळ्या मुलीच्या गर्भाशयमुखाचं अस्तर पूर्ण तयार झालेलं नसतं, ते नाजूक असतं. जबरदस्तीच्या संबंधात इजा होते. आणि विकून आणलेल्या मुलीला 'नाही' म्हणायची, निरोध मागायची सोय नसते. भारतातल्या कुंटणखान्यांतून सोडवून नेपाळला परत गेलेल्या मुली आणि बायकांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ३८ टक्के जणींना एचआयव्ही होता. ज्यांना पंधरा वर्षांच्या आत विकलं गेलं होतं त्यांच्यात हे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक होतं. हा आकडा मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी तिथेच थांबतो. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत 'धोका कमी करणं' हा विषयच नाही, तिला तिथून बाहेर काढणं एवढाच विषय आहे. सज्ञान बाईने आपल्या मर्जीने केलेला धंदा आणि मुलीची विक्री या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरल्या की दोघींचंही नुकसान होतं.

तिसरा गुणक काळाचा. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला विषाणू प्रचंड वाढतो. त्या दिवसांत थोडा ताप, अंगदुखी, पुरळ येतं किंवा काहीच होत नाही, आणि तपासणीत तर बऱ्याचदा काही सापडतही नाही. याला 'विंडो पिरियड' म्हणतात. म्हणजे माणूस सर्वांत जास्त संसर्गजन्य असतो नेमका तेव्हाच त्याच्या हातात 'निगेटिव्ह'चा कागद असू शकतो. म्हणून 'रिपोर्ट दाखव' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तो कागद वाचवत नाही. बाईला तर मुळीच नाही. तिची तपासणी सकाळी झाली असली तरी दुपारी येणाऱ्या माणसाबद्दल ती काहीच सांगत नाही.

आता त्या दुपारी येणाऱ्या माणसाकडे वळू.

पुण्याच्या त्याच अभ्यासात आणखी एक आकडा होता. दवाखान्यात आलेल्या ज्या बायका धंदा करत नव्हत्या, त्यांच्यापैकी १३.६ टक्के जणींना एचआयव्ही निघाला. बहुतेक विवाहित होत्या. नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध नव्हता, असं त्यांतल्या बहुतेकींनी सांगितलं. त्यांनी घेतलेला 'धोका' एवढाच, की त्या आपल्या घरात आपल्या नवऱ्याशेजारी झोपत होत्या.

साथीच्या अभ्यासात ट्रकचालक आणि कामासाठी गाव सोडून गेलेले मजूर यांना पुलाची उपमा देतात: एका वस्तीतला विषाणू त्यांच्यावरून चालत दुसऱ्या घरात जातो. उपमा चुकीची नाही. पण मला नेहमी वाटतं, पूल आहे हे ठाऊक असूनही पाटी मात्र कायम पुलाच्या एकाच टोकाला लावली गेली. वस्तीतल्या बायकांची नोंदवही असते, त्यांची तपासणी होते, त्यांच्यावर सर्वेक्षणं होतात. गिऱ्हाइकाची नोंद कुठे? तो दहा मिनिटांत येतो आणि गर्दीत मिसळून जातो. तो तालुक्याच्या गावचा दुकानदार असतो, कॉलेजातला मुलगा असतो, निवृत्त कारकून असतो. 'मी त्यातला नाही' असं तो मनापासून मानतो. निरोध चढतो पुरुषाच्या अंगावर, आणि तो वापरला गेला की नाही याचा जाब मात्र बाईला विचारला जातो.

घरच्या बाईची अडचण तर वेगळीच. 'निरोध' हा आपल्याकडे आता सामान्य शब्द झाला आहे, पण मुळात ते १९६८ मध्ये कुटुंबनियोजनासाठी बाजारात आणलेलं सरकारी नाव. म्हणून आजही खेड्यात निरोध म्हणजे पाळणा लांबवायचं साधन. दोन मुलांनंतर बाईचं ऑपरेशन झालं की निरोधचं काम संपलं असं धरतात. त्यानंतर तिने तो मागितला तर त्याचा अर्थ एकच निघतो: नवऱ्यावर संशय, नाहीतर तिच्यावरच संशय. धंदा करणारी बाई निदान भांडू शकते. संसारातली बाई तो शब्दही काढू शकत नाही.

निरोध किती वाचवतो? जी जोडपी तो नेहमी वापरतात त्यांच्यात लागण सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं. '८०च का' असं विचाराल, तर उरलेल्यातला मोठा वाटा निरोधचा नसून वापरणाऱ्याचा असतो. उशिरा चढवला, आधी काढला, दाताने पाकीट फाडताना चीर गेली, खिशात महिनाभर उन्हात फिरला. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं तर रबर कमकुवत होऊन फाटतं. वंगण पाण्यावर आधारितच हवं. एकावर एक दोन चढवले तर घर्षणाने दोन्ही फाटू शकतात. नंतर लिंबाने, साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुण्याचा उपयोग नाही, उलट आतलं अस्तर सोलवटून धोका वाढतो.

वरच्या हिशेबात निरोध घालू. दहापैकी नऊ वेळा नीट वापरला गेला तर साठऐवजी सहाच वेळा विषाणूशी उघडी गाठ पडते. जखमा नसतील तर वर्षाचा धोका अर्ध्या टक्क्याच्या आत येतो. शंभर टक्के वापराची वाट पाहायची गरज नाही, नऊ वेळांनीच साथीचं कंबरडं मोडतं.

मग दहावी वेळ कोणती असते? ती सगळ्यांची सारखी नसते. कधी गिऱ्हाईक पिऊन आलेलं असतं. कधी ते दुप्पट पैसे देतो म्हणतं, आणि त्या दिवशी मुलाची फी भरायची असते किंवा सावकार दारात असतो. ज्या बाईकडे पुढच्या आठवड्याचं धान्य आहे ती 'चालता हो' म्हणू शकते. जिच्याकडे नाही ती म्हणू शकत नाही. २०२० च्या टाळेबंदीत कामच थांबलं तेव्हा महाराष्ट्र सरकारने या बायकांना काही महिने दरमहा पाच हजार रुपये द्यायचं ठरवलं. मला ती मदत जितकी पोटाची वाटली तितकीच एचआयव्ही प्रतिबंधाची.

आणि कधी दहावी वेळ प्रेमाची असते. सांगली-बेळगावच्या पट्ट्यात तिच्या कायमच्या माणसाला 'मालक' म्हणतात, मुंबईत 'यार' किंवा 'आदमी'. गिऱ्हाइकाशी कटाक्षाने निरोध वापरणाऱ्या बायका मालकाशी वापरत नाहीत, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. कारण कळण्यासारखं आहे. निरोध ही धंद्याची खूण झालेली असते, तो काढला की ते घर होतं. त्या एका माणसाशी तरी आपलं नातं बाजाराचं नाही, हे तिला जपायचं असतं. पण मालकाला बायको असते, कधी दुसऱ्या वस्तीतही जाणं-येणं असतं. या गाठीवर 'जागृती करा' असं सांगून काही होत नाही. दोघांनी मिळून तपासून घेणं, ज्याला लागण असेल त्याने गोळ्या सुरू करणं, हा त्यातल्या त्यात चालणारा मार्ग.

एकटीने 'नाही' म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जातं. सगळ्या दारांनी 'नाही' म्हटलं तर त्याला निरोध घ्यावाच लागतो. हे दोन जागी फार लवकर ओळखलं गेलं. कोलकात्याच्या सोनागाछीत १९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना यांनी काम सुरू केलं, आणि वस्तीतल्या बायकांनाच एकमेकींच्या शिक्षिका केलं. १९९५ मध्ये त्यांची 'दुर्बार महिला समन्वय समिती' उभी राहिली, आणि त्याच वर्षी बायकांची 'उषा' ही सहकारी पतसंस्था. आरोग्याच्या कामात पतसंस्था कशाला, असं वाटेल. पण सावकाराच्या व्याजातून सुटलेली बाई निरोध नाकारणारं गिऱ्हाईक परत पाठवू शकते. पासबुक हाही प्रतिबंधच.

दुसरी जागा आपली सांगली. १९९२ मध्येच तिथे मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने सुरुवात केली. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याने निरोधचं खोकं वाटून निघून जायचं, ही पद्धत त्यांनी ठेवली नाही. कोणत्या दाराला किती लागतात, कोण पिऊन मारतं, कोणत्या पोरीला सरकारी दवाखान्यात हिडीसफिडीस झाली, हे वस्तीतल्या बाईलाच ठाऊक असतं, म्हणून वाटप तिच्याच हाती. यातूनच १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद आली. पुण्याच्या बुधवार पेठेत 'सहेली'ने हाच धागा धरला. 'हिला शिकवू' असं म्हणत आलेल्यांना या बायकांनी उलट शिकवलं, असं मी म्हणेन. पिऊन आलेल्या माणसाला त्याच्या नकळत निरोध कसा चढवायचा, हे कोणत्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतात?

थायलंडने वेगळी वाट धरली. १९८९ मध्ये रात्चबुरी प्रांतात आणि १९९१ पासून देशभर नियम केला: प्रत्येक कुंटणखान्यात, प्रत्येक वेळी निरोध, नाहीतर धंदा बंद. १४ टक्क्यांवर असलेला वापर काही वर्षांत ९० टक्क्यांच्या पुढे गेला. आकडा जबरदस्त आहे, तो नाकारायचं कारण नाही. पण तिथे चावी पोलिसांच्या आणि कुंटणखान्याच्या मालकांच्या हाती होती, आणि आपल्याकडे पोलिसांच्या हाती चावी दिली की काय होतं ते गोव्याने पाहिलं.

वास्कोजवळचा बायणा किनारा. २००४ च्या जूनमध्ये तिथली वस्ती बुलडोझरने पाडली. भर पावसाळ्यात. धंदा थांबला का? बायका लॉजवर, रस्त्यावर, ओळखीच्या खोल्यांवर विखुरल्या. आधी निरोधचा पुरवठा करायला, तपासणीला बोलवायला त्या एका जागी सापडत होत्या, आता सापडेनाशा झाल्या. सगळ्या दारांनी मिळून 'नाही' म्हणायला आधी दारं एका गल्लीत असावी लागतात.

पोलिसांचा संबंध आणखी एका ठिकाणी येतो. वर्षानुवर्षं छाप्यात सापडलेला निरोध हा 'पुरावा' धरला जायचा. मग कोण बाई पर्समध्ये पाकीट ठेवील? १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानुसार सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने पैसे घेऊन संबंध ठेवणं हा गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं, दलाली करणं, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मासकर प्रकरणात निर्देश दिले, त्यांत या बायकांना सन्मानाने वागवा हे होतंच, आणि आरोग्यासाठी बाळगलेला निरोध गुन्ह्याचा पुरावा मानू नये हेही होतं. २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने एक गणिती अंदाज छापला, त्यात आपल्याच शेजारचं बळ्ळारीही होतं. धंद्याला गुन्हेगारीच्या कक्षेतून बाहेर काढलं तर दहा वर्षांत या बायका आणि गिऱ्हाइकं यांच्यातली ३३ ते ४६ टक्के नवी लागण टळू शकते, असं त्यात निघालं.

औषधांचंही सांगतो, कारण गेल्या वीस वर्षांत सर्वांत मोठा फरक तिथेच पडला. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या मोफत द्यायला सुरुवात केली. तेव्हा प्रतिकारशक्ती बरीच घसरल्यावरच त्या मिळायच्या. २०१७ पासून लागण कळल्याबरोबर मिळतात, आता बहुतेकांना रोज एकच गोळी. या गोळ्या घेणाऱ्याचा जीव वाचतो हे आधीपासून माहीत होतं. त्या समोरच्यालाही वाचवतात, हे एका मोठ्या प्रयोगाने दाखवलं. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, प्रत्येकात एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. पुणे आणि चेन्नईतली जोडपीही त्यात होती. २०११ मध्ये निष्कर्ष आला: उपचार लवकर सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. पुढे युरोपातल्या एका अभ्यासात, रक्तात विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झालेल्या माणसांच्या निरोधशिवायच्या सुमारे ५८,००० संबंधांची नोंद झाली. त्यांतून जोडीदाराला एकही लागण झाली नाही.

म्हणजे नियमित गोळ्या घेणाऱ्या आणि तपासणीत विषाणू 'मोजता न येणाऱ्या' पातळीवर आलेल्या माणसाकडून संबंधातून एचआयव्ही पसरत नाही. हे वाक्य मी पुन्हा लिहीन, कारण आपल्याकडे डॉक्टरही ते रुग्णाला स्पष्टपणे सांगायला कचरतात: पसरत नाही. एचआयव्ही असलेली बाई गोळ्या नीट घेत असेल तर ती कुणाला धोका नाही. आपल्या हिशेबातल्या सहा वेळांपैकी चार वेळचा माणूस उपचारांवर असेल, तर उरल्या दोन.

न लागलेल्या माणसाने आधीच घ्यायची गोळीही आहे, तिला 'प्रेप' म्हणतात. कोलकाता आणि म्हैसूरमध्ये धंदा करणाऱ्या बायकांच्याच संघटनांनी ती वापरून पाहिली. अडचण गोळीची नाही, डबीची आहे. लहान खोलीत घरवालीच्या, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईच्या, किंवा शेजारणीच्या नजरेला ती डबी पडली की 'हिला एड्स झालाय' अशी कुजबुज होते आणि गिऱ्हाईक तुटतं. म्हणून लेनाकापाविर या नव्या औषधाकडे मी आशेने पाहतो. सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या प्रयोगात ते घेतलेल्या २,१३४ मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही, असं २०२४ मध्ये जाहीर झालं. २०२५ च्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या हैदराबादच्या दोन कंपन्यांनी २०२७ पासून ते वर्षाला सुमारे ४० डॉलरला देण्याचं जाहीर केलं आहे. लपवायला डबीच नाही, हे मला त्या किमतीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आज आपण कुठे आहोत? २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत धंदा करणाऱ्या स्त्रियांत एचआयव्हीचं प्रमाण १.८५ टक्के होतं. दोघींत एक पासून इथवर येणं हे या बायकांनी केलेलं काम आहे. तरी सर्वसाधारण प्रौढांतल्या ०.२ टक्क्यांच्या ते नऊपट आहेच. ट्रान्सजेंडर व्यक्तींत प्रमाण ३.७८ टक्के होतं. तिथे शरीराचं गणितच वेगळं आहे: गुदसंबंधात आत घेणाऱ्याचा धोका दहा हजारांत १३८, म्हणजे योनीसंबंधाच्या सतरापट, कारण ते अस्तर पातळ असतं आणि सहज चिरतं. काही गिऱ्हाइकं बायकांकडेही जादा पैसे देऊन हे मागतात, तेव्हा निरोध आणि पाण्यावर आधारित वंगण दोन्ही हवंच.

आणि वस्त्या आता विरळ होत आहेत. धंदा फोनवर ठरतो, खोली लॉजवर. जिला कुणी 'ताई, तपासून घेतलंस का' असं विचारायचं, ती आता कोणत्याच गल्लीत राहत नाही. बायण्यात जे बुलडोझरने झालं ते मोबाइलने सगळीकडे होतंय, फक्त आवाज न करता.

शेवटी गिऱ्हाईक म्हणून गेलेल्या आणि आता हे वाचत बसलेल्या माणसासाठी. निरोध फाटला किंवा वापरला नाही, तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात किंवा एआरटी केंद्रात जा. जितक्या लवकर तितकं चांगलं. डॉक्टरांना गरज वाटली तर २८ दिवसांच्या गोळ्या सुरू करतात आणि त्या मध्येच सोडायच्या नसतात. मुदत टळली असेल तरी तपासणी करा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात ती मोफत होते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार, त्यातले मोजके अपवाद सोडले तर, तुमच्या संमतीशिवाय कुणी तपासणी करू शकत नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगू शकत नाही. १०९७ हा सरकारी मदत क्रमांक मोफत आहे, नाव न सांगता बोलता येतं. आणि ते तीन महिने घरीही निरोध वापरा. 'ऑपरेशन झालंय, आता कशाला?' असं बायको विचारेल. काय बोलायचं ते सुचत नसेल तर त्या केंद्रातल्या समुपदेशकाला विचारा. हा प्रश्न त्यांच्यासमोर रोज येतो, आणि हवं असेल तर दोघांना एकत्र बसवून तेच बोलतात.